पुतळ्यांची माळ



परवा माझी लेक जुन्या साडीच्या काठाचं कानातलं करून घालून आली. कागदाचे मणी, बटणं, फुटक्या बांगड्या, सगळ्यांचे दागिने करते. मी कौतुक केलं आणि म्हटलं, "अगं, तुझ्या पणजीच्या गळ्यातली माळही अशीच होती, दुसऱ्या कामाच्या वस्तूंची." तिला पटेना, म्हणून पेटी उघडली.

पुतळ्यांची माळ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सराफाकडे आज मिळते ती ठशातली सोन्याची चकती. पण मूळची पुतळी म्हणजे खरं नाणं, आणि तेही दूरच्या व्हेनिसचं. 1284 साली तिथे डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडू लागले. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. मिरी-मसाल्याच्या व्यापारात ती नाणी आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. त्यांवर त्यांच्या संतापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख कोरलेला असे. आपल्या लोकांना त्यात दोन बाहुल्या दिसल्या, म्हणून नाव पडलं पुतळी. पुढे आपल्याकडेही तशी नाणी पाडली गेली. बायकांनी त्यांना कडी जोडून घेतली, पटवेकऱ्याने रेशमात ओवून दिली, झाली माळ. बाजारातलं चलन गळ्यात आलं आणि अडीअडचणीला पुन्हा बाजारात जाऊ शकत होतं.

चांदीचंही तेच. 1835 पासूनचा कंपनी सरकारचा आणि मग राणीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. घरोघरी त्याने तोळा मोजत आणि त्याच्याच माळा करत. 1940 साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, 1947 ला तो निकेलचा झाला. मग जुने रुपये खर्चायला कोण काढणार? ते पेटीत राहिले, कुणाच्या गळ्यात राहिले.

आमच्या आजेसासूबाईंनी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. सोनं किती तोळे, चांदी किती, सगळं ठरलेलं. या व्रताच्या अतिचारांत हिरण्य आणि सुवर्ण ही नावं येतात हे तुम्हाला माहीत आहेच. सर्वार्थसिद्धीत हिरण्याचा अर्थ व्यवहारात चालणारी चांदी वगैरे असा दिला आहे. म्हणजे नाणं ओवून माळ केली म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. त्या हे जाणून होत्या. म्हणून सुनेला दागिना हवा झाला की नवीन सोनं घ्यायच्या नाहीत. असलेलं पुन्हा ओवायच्या, एका माळेच्या दोन करायच्या. हौस भागायची, तोळे तेवढेच राहायचे.

आता माझी चूक सांगते. लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यांची रुपयांची माळ माझ्या वाट्याला आली. जुनाट वाटली. मी ती मोडीत दिली आणि नव्या घडणीचे पैंजण घेतले. तराजूत चौदा रुपयांची चांदी भरली, घट वजा झाली, घडणावळ लागली. सराफाने काही फसवलं नाही. पण चेहऱ्यावरून बोट फिरवत आजेसासूबाई ज्या रुपयाला "हा माझ्या बापाचा" म्हणायच्या, तो वितळून गेला. पैंजण वर्षभरात तुटले.

त्या दिवशी मला फरक कळला. वितळवलं की धातू उरतो, पण तो कुणाचा होता हे उरत नाही. आहे तसं ओवलं तर धातूही राहतो आणि माणूसही.

पुतळ्यांची माळ मात्र वाचली. तिचं रेशीम विरलं होतं. लेकीने साडीच्या काठातून धागे काढून पीळ दिला, तिच्याच हाताने अकरा पुतळ्या ओवल्या, मागे गोंडा बांधला. नवीन काही विकत आणलं नाही.

मैत्रिणींनो, मोडीला जाण्याआधी एकदा पेटी उजेडात उघडा. नाण्यावरचं साल वाचा, कुणाचं होतं ते सासूबाईंना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी डबीत ठेवा. मोडायचं की ओवायचं, ते मग ठरवा.