चाळीस दिवसांच्या उपासाची कुळकथा

ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपवासकाळ भिवंडी-कल्याण पट्ट्यात एकाच आठवड्यात दोनदा सुरू होतो. केरळातून आलेल्या सीरो-मलबार कुटुंबांचा ‘पन्नास दिवसांचा उपास’ सोमवारी लागतो, तर लॅटिन रीतीची चर्च दोन दिवसांनी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून त्याची सुरुवात करतात. कुळ एकच असले तरी या दोन शाखा वेगवेगळ्या समुद्रमार्गांनी, एकमेकींहून हजारभर वर्षांच्या अंतराने या किनाऱ्याला लागल्या.

मांसमच्छी वर्ज्य करणे हा या प्रथेचा डोळ्यांत भरणारा भाग आहे. तिचे मूळ मात्र मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतल्या मोहाच्या प्रसंगात सापडते. बाप्तिस्म्यानंतर येशू चाळीस दिवस वाळवंटात उपाशी राहतो आणि सैतान तीनदा त्याच्यापुढे येतो. धोंड्यांच्या भाकरी करून भूक भागव, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगातली सारी राज्ये तुझी, अशा त्या तीन सूचना आहेत. मत्तयाच्या क्रमात दुसरी असलेली उडीची सूचना सर्वांत कावेबाज. तिथे सैतान स्तोत्रसंहितेतले वचन पुढे करतो, म्हणजे शास्त्राचाच आधार घेऊन फसवू पाहतो. येशूची तिन्ही उत्तरे अनुवाद या जुन्या ग्रंथातली आहेत. तो वाद वाढवत नाही, दर वेळी नेमके एक वचन सांगून थांबतो. मोहाला वचनाने उत्तर देण्याची ही रीत पुढे तंत्र म्हणून विकसित झाली.

उपासाचे दिवस चाळीसच असावेत हे मात्र आरंभी ठरलेले नव्हते. इ. स. १९०च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनेयस रोमच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात नोंदवतो, की ईस्टरपूर्वी कोणी एक दिवस उपास करतात, कोणी दोन, कोणी त्याहून अधिक. ३२५ साली नायकियाच्या परिषदेच्या पाचव्या नियमात ‘चाळीस’चा काळ सर्वांना ठाऊक असल्यासारखा येतो. मधल्या काळात या प्रथेला बाप्तिस्म्याची तयारी जोडली गेली. नवे श्रद्धावंत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेत आणि त्याआधी उपास करत. चौथ्या शतकातल्या जेरुसलेममध्ये दीक्षार्थी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला, तोंड करून उभा राही आणि हात पुढे करून, सैतान समोरच आहे असे मानून त्याचा त्याग जाहीर करी. मग तो पूर्वेकडे वळे. उपवासकाळ ही या त्यागाची तालीम होती.

तालमीचे शास्त्र इजिप्तच्या वाळवंटात घडले. पोंतसचा इव्हाग्रियस कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मसेवक होता. एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडल्यावर त्याने ते शहर सोडले आणि जेरुसलेममार्गे इजिप्तच्या संन्याशांमध्ये जाऊन राहिला. ३९९ साली तिथेच वारला. मनात शिरणाऱ्या विचारांचे त्याने आठ वर्ग केले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, बडेजाव आणि गर्व. यांतल्या कंटाळ्याचे वर्णन वाचताना आजही हसू येते. भर दुपारी संन्याशाला सूर्य हलेनासा वाटतो, तो सारखा खिडकीबाहेर पाहतो, आणि देवाची भक्ती दुसऱ्या गावी जाऊनही करता येईल असा सात्त्विक दिसणारा विचार डोके वर काढतो. बडेजावाची जात आणखी बेरकी, कारण उपास साधला की त्या यशावरच तो पोसला जातो. या आठ वर्गांनुसार इव्हाग्रियसने ‘अँटिर्हेटिकोस’ या ग्रंथात सुमारे पाचशे नोंदी केल्या. अमुक विचार आला तर शास्त्रातले अमुक वचन म्हणावे, असे त्यांचे स्वरूप. वाळवंटातल्या त्या तीन उत्तरांचा हा भलामोठा विस्तार.

जॉन कॅसियनने ही विद्या पश्चिमेकडे नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगरी द ग्रेटने आठांची पुनर्मांडणी केली. त्यातून सात घातक पापांची प्रसिद्ध यादी आली. इव्हाग्रियसचे नाव मात्र सहाव्या शतकात पाखंडाच्या आरोपाखाली निषिद्ध झाले आणि ‘अँटिर्हेटिकोस’ची मूळ ग्रीक प्रत हरवली. तो टिकला मुख्यतः सीरियाई भाषांतरात. पर्शियातल्या पूर्व-सीरियाई चर्चमध्ये इव्हाग्रियसचा मान कायम राहिला होता.

याच चर्चचा माग कोकण किनाऱ्यापर्यंत येतो. ५५०च्या सुमारास कॉस्मास या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे गाव म्हणजे भिवंडीशेजारचे कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनाही तिथल्या पूर्व-सीरियाई ख्रिस्ती घरातच आसरा मिळाला होता. पुढे ही वस्ती इथून पुसली गेली. तिची उपासाची परंपरा केरळात राहिली आणि विसाव्या शतकात नोकरीधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर कल्याणच्या परिसरात परतली. १९८८ साली सीरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. या परंपरेत उपासाची सुरुवात सोमवारी होते, म्हणून आरंभ दोन दिवस आधी पडतो.

बुधवारचे गणित पश्चिमेतले आहे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. सहा आठवड्यांचे रविवार वगळले की छत्तीस दिवस उरतात. चाळीस भरावेत म्हणून मागे चार दिवस जोडले गेले आणि आरंभ बुधवारावर आला. राख लावण्याची चाल मुळात जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांची होती; ती अकराव्या शतकाच्या अखेरीस सर्वांना लागू झाली.

हे रूप १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर उत्तर कोकणात आले. सोबत उपासाआधी खाण्यापिण्याची हौस भागवून घेणारा ‘इंत्रुज’ही आला. मोहाशी झुंजण्याआधी त्याला पोटभर जेवू घालण्याची ही सोय युरोपातही लोकप्रिय होतीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी आणखी एक साधन आणले. संस्थापक इग्नेशियस लोयोलाच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली होती. त्यात आतल्या प्रेरणा पारखण्याचे नियम आहेत. भक्तिमार्गावर पुढे गेलेल्या माणसाला सैतान उघड पापाने मोहात पाडत नाही. तो चांगल्या विचाराच्या रूपाने येतो. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत. शेवट अस्वस्थतेत किंवा मूळ हेतूहून हलक्या गोष्टीत झाला, तर शेपूट सापाचे आहे असे समजावे. शास्त्रवचन उच्चारणाऱ्या सैतानावरचा हा नेमका उतारा. पण साधना करून घ्यायला अनुभवी मार्गदर्शक लागे, आणि मासळी वर्ज्य करायला कोणीही लागत नसे. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू बहुतांशी निघून गेले. गावोगाव टिकला तो घरात पाळता येणारा भाग: उपास, क्रुसाची वाट, शुक्रवारची प्रार्थना.

अमेरिकन मराठी मिशनसारख्या प्रॉटेस्टंट मंडळींना हा काळ मान्य नव्हता. झुरिकच्या धर्मसुधारणेची ठिणगीच १५२२ साली उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाण्याने पडली होती. मात्र १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होताना अँग्लिकनही त्यात आले आणि त्यांच्यासोबत हा उपवासकाळ अशा अनेक मराठी मंडळ्यांत पोहोचला.

कॅथलिकांमध्ये पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली सक्तीचा उपास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरता ठेवला. बाकी प्रार्थना आणि दानधर्म यांवर भर दिला. त्याआधी, १९५१ साली सुधारलेल्या ईस्टर जागरणविधीत बाप्तिस्म्याच्या शपथेची उजळणी आली. आता त्या रात्री चर्चमध्ये सारे लोक पेटत्या मेणबत्त्या हातात घेऊन, धर्मगुरू प्रश्न विचारतील तशी उत्तरे देत, सैतानाचा त्याग करतात. पश्चिमेकडे मात्र कोणी वळत नाही.