1910 चा वणवा आणि विस्तवावरची बंदी

लढाया आणि तह यांच्या तारखा इतिहासात ठळकपणे नोंदवल्या जातात. वणव्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. जंगल जळते, पावसाळा येतो, राखेतून गवत उगवते आणि माणसे विसरून जातात. अमेरिकेच्या पश्चिम भागात 1910 साली पेटलेला वणवा मात्र याला अपवाद आहे. दोन दिवसांच्या त्या आगीने पुढच्या जवळजवळ सत्तर वर्षांचे सरकारी धोरण घडवले. म्हणूनच या वणव्याकडे आम्ही केवळ निसर्गाचा कोप म्हणून पाहत नाही. कोणाचे ज्ञान सरकारदरबारी ज्ञान ठरते आणि कोणाचे गुन्हा ठरते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

त्या वर्षी आयडाहो आणि मोंटाना प्रांतांच्या डोंगरांत बर्फ लवकर वितळला आणि उन्हाळा जवळपास कोरडा गेला. विजा पडून, आगगाडीच्या इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांनी आणि खाणकामगारांच्या चुलींनी ठिकठिकाणी आगी लागल्या. 20 ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि या विखुरलेल्या आगी एक झाल्या. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले. किमान 85 माणसे मेली. त्यांतले बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर होते. वॉलेस या खाणींच्या गावाचा तिसरा हिस्सा राख झाला. वॉलेसजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या सुमारे 45 माणसांना खाणीच्या बोगद्यात नेले, बाहेर पळणाऱ्याला गोळी घालीन असे बजावले आणि त्यांतल्या बहुतेकांचे प्राण वाचवले. एका अंगाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या अंगाला कुदळ असलेले त्याच्या नावाचे हत्यार वणवा विझवणारे आजही वापरतात.

पुलास्कीची कथा अमेरिकेत सर्वांना सांगितली जाते. लष्कराच्या 25 व्या पायदळ पलटणीची कथा मात्र कमी सांगितली जाते. ही काळ्या सैनिकांची पलटण होती. चारच वर्षांपूर्वी, 1906 मध्ये, टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावातल्या गोळीबाराचा आळ याच पलटणीवर आला होता. खटला न चालवता, कोणावरही गुन्हा सिद्ध न होता, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 167 सैनिकांना एकाच हुकमाने काढून टाकले. त्याच पलटणीच्या इतर तुकड्या 1910 मध्ये वॉलेस आणि एव्हरी या गावांच्या रक्षणासाठी उभ्या राहिल्या. एव्हरीत बायकामुलांना आगगाडीने बाहेर काढले गेले आणि येणाऱ्या वणव्यासमोर मुद्दाम दुसरी आग लावून गाव वाचवले गेले. ब्राउन्सव्हिलचा कलंक सरकारने पुसला तो 1972 साली. तोवर त्या 167 जणांपैकी बहुतेक हयात नव्हते.

आगीने आग अडवता येते, हे ज्ञान त्या भूमीला नवे नव्हते. कॅलिफोर्नियातले कारुक, युरोक आणि इतर मूलनिवासी शेकडो वर्षे ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी, जमिनीलगतची हलकी आग लावत आले होते. त्यामुळे टोपल्या विणण्यासाठी हेझलच्या सरळ काड्या मिळत, ओकच्या फळांतली कीड मरे, हरणांना कोवळा चारा मिळे आणि पालापाचोळा साचत नसे. कॅलिफोर्नियाने 1850 च्या कायद्याने कुरणे पेटवणे हा गुन्हा ठरवला. या कायद्याच्या नावात मूलनिवाशांचे ‘संरक्षण’ हा शब्द होता! पुढे काही गोऱ्या जमीनदारांनीही हलक्या आगीची बाजू घेतली, तेव्हा वनाधिकाऱ्यांनी एका मूलनिवासी जमातीच्या नावावरून तिला ‘पायूट वनशास्त्र’ म्हणून हिणवले.

या विचारसरणीचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो याने तरुणपणी युरोपात डीट्रिख ब्रांडिस यांचे मार्गदर्शन घेतले होते. हे ब्रांडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे 1864 पासूनचे पहिले वन महानिरीक्षक. त्यांच्या काळात इथे राखीव जंगले आखली गेली, जाळरेषा काढल्या गेल्या आणि जंगलात विस्तव लावणे गुन्हा ठरले. गंमत अशी, की आग पूर्ण बंद केली तर साग आणि साल यांची नवी रोपे नीट येत नाहीत, हे इथल्या वनाधिकाऱ्यांना विसाव्या शतकाच्या आरंभीच कळू लागले आणि ठरवून केलेली जाळणी कित्येक ठिकाणी परत आली. अमेरिकेने मात्र धडा अर्धाच घेतला.

1910 नंतर तिथे आग हा शत्रू ठरला. 1910 साली त्याच विभागात वनाधिकारी असलेले विल्यम ग्रीली आणि फर्डिनंड सिल्कॉक्स पुढे खात्याचे प्रमुख झाले. 1935 मध्ये सिल्कॉक्स यांनी नियम केला, की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. एका प्रकारच्या जंगलातला, एका असामान्य उन्हाळ्याचा अनुभव साऱ्या जंगलांना लावला गेला. जाड सालीच्या पाइनची जी कोरडी वने दर काही वर्षांनी हलकेच जळत, तिथे आता काटक्या, पालापाचोळा आणि दाट झुडपे साचत गेली. हा नियम 1978 मध्ये सोडून देण्यात आला, पण साचलेले जळण जंगलातच राहिले.

त्याची भयानकता पुढे दिसली. 2018 मध्ये पॅराडाइज हे गाव जळून 85 माणसे मेली. 2020 मध्ये एकट्या कॅलिफोर्नियात 42 लाखांहून अधिक एकर जळाले. याचा सगळा दोष जुन्या धोरणावर टाकणे अन्यायाचे होईल. तापमान वाढले आहे, दुष्काळ लांबले आहेत, वस्ती जंगलात घुसली आहे. 2025 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ जळालेल्या झुडपी डोंगरांना तर हलक्या आगीचा उपायही फारसा लागू पडत नाही. परंतु कोरड्या पाइनच्या वनांबाबत आज तिथले शास्त्रज्ञ जे सांगतात, ते कारुक आणि युरोक म्हातारे पूर्वीपासून सांगत होते.

2021 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून मूलनिवाशांच्या या पारंपरिक जाळणीला मान्यता दिली. बंदीपासून मान्यतेपर्यंत एकशे एकाहत्तर वर्षे गेली. या काळात कित्येक म्हातारे आपले ज्ञान सोबत घेऊन गेले. ज्यांनी ते लपूनछपून, दंड आणि तुरुंगाची भीती पत्करून टिकवले, त्यांची नावे वनखात्याच्या इतिहासात सापडत नाहीत. कायद्याची चूक कायद्याने दुरुस्त होते. या माणसांची नोंद घेण्याचे काम मात्र इतिहास लिहिणाऱ्यांना करावे लागेल, आणि ते अजून शिल्लक आहे, असे आम्हाला वाटते.