३ सप्टेंबर : शाहीर साबळे यांचा मागे पडलेला विनोद

वाई तालुक्यातल्या पसरणीत १९२३ साली आजच्या दिवशी शाहीर कृष्णराव साबळे जन्मले. त्यांच्या खड्या आवाजातलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झालं, घरोघरी पोचलं. पण ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आबुरावाचं लगीन’ ही त्यांची मुक्तनाट्यं किती जणांना आठवतात? खरं तर पोवाड्यांइतकीच ती तोलामोलाची. ‘आंधळं दळतंय’ तर सर्वांत जहाल! मुंबईतच उपऱ्या झालेल्या मराठी माणसाची कोंडी शाहिरांनी तमाशाच्या बाजात मांडली. बतावणीतला साधा सवाल हसवता हसवता वर्मी लागायचा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेच्या उभारणीच्या काळात या मुक्तनाट्यानं मराठी तरुणांना पेटवलं.