वाटीतला रुपया आणि टॉलेमीचा तक्ता

पितळी वाटीच्या तळाशी एक रुपया ठेवावा आणि काठाआड तो जेमतेम दिसेनासा होईल इतके मागे सरकून बसावे. मग मान न हलवता दुसऱ्या कोणाला वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगावे. रुपया जागचा हलत नाही, तरी दिसू लागतो! दिवाळीच्या सुटीत मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. तो आजचा मात्र नव्हे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या प्रकाशावरील ग्रंथात तो नाण्यासह वर्णिला आहे.

पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो. डोळा बिचारा तो सरळच आला असे धरून चालतो, आणि तळ वर उचललेला भासतो. अगदी वरून पाहिले तरी चार फूट पाणी तीनच फूट वाटते. नदीत उतरणाऱ्या नवख्याच्या जिवावर बेतते ती हीच फसगत.

टॉलेमी नवल करून थांबला नाही. अंश कोरलेली काशाची तबकडी निम्मी पाण्यात उभी बुडवून त्याने किरणाचे वाकणे मोजले. उभ्या लंबाशी हवेतला कोन १० अंश असेल तर पाण्यातला ८, ५० असेल तर ३५, ८० असेल तर ५०, असा त्याचा तक्ता. आजच्या हिशेबाने हे कोन सुमारे साडेसात, ३५ आणि साडेसत्तेचाळीस येतात. म्हणजे आकडे काही वाईट नाहीत. पण दर दहा अंशांची वाढ काढून पाहा: ८, साडेसात, ७, साडेसहा... नेमकी अर्ध्या-अर्ध्या अंशाने उतरणारी! खरी मोजमापे इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. आकडे मागाहून घासूनपुसून बसवले असावेत, असे अभ्यासकांना वाटते. मला त्याला लबाड म्हणवत नाही; ग्रहांचे गणित मांडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सुबक क्रमाचा मोह पडला असेल.

दुर्दैव असे, की कोड्याची किल्ली त्याच्याच घरात होती. कोन न पाहता त्या कोनांच्या 'ज्या' पाहिल्या, तर हवा आणि पाणी यांचे प्रमाण नेहमी चारास तीन असेच निघते; आणि ज्यांवरून हे काढता आले असते त्या वर्तुळाच्या जीवांचे कोष्टक टॉलेमीनेच 'अल्माजेस्ट' या ज्योतिषग्रंथात दिले होते!

हा नियम छापून निघाला तो १६३७ मध्ये, फ्रान्सच्या देकार्तच्या हातून. त्याआधी बगदादच्या इब्न सहलला तो ९८४ च्या सुमारास गवसला होता, हे १९९० मध्ये रुश्दी राशेद यांनी दाखवून दिले. हॉलंडच्या स्नेललाही १६२१ मध्ये सापडला, पण छापायचा राहिला. इंग्लंडच्या थॉमस हॅरियटला तर तो त्याच्याही वीसएक वर्षे आधी ठाऊक होता. १६०६ मध्ये केप्लरने त्याला पत्राने विचारले, तेव्हा हॅरियटने मोजमापांचे आकडे धाडले. नियम मात्र आपल्यापाशीच ठेवला.