बॅग चढली, प्रवासी चढलाच नाही

१/ अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून कामानिमित्त ओझर विमानतळ गाठणाऱ्यास प्रवेशद्वारीच तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. आत बोर्डिंग पास पुन्हा तपासला जातो. एका कागदाची इतकी चौकशी कशासाठी? उत्तर १९८५ सालच्या एका बॅगेत आहे.

२/ २२ जून १९८५, व्हँकुव्हर. ‘एम. सिंग’ या नावाच्या तिकिटावर एक माणूस काउंटरवर आला. टोरांटोपर्यंतची जागा निश्चित होती. पुढे एअर इंडियाच्या विमानासाठी तो प्रतीक्षायादीत होता. तरीही बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवावी, असा त्याचा हट्ट होता.

३/ जागा पक्की नसताना असे करता येत नाही, हे तेथील कर्मचारी स्त्रीने सांगितले. पण तो वाद घालीत राहिला, मागे रांग वाढत गेली. अखेर तिने बॅग स्वीकारली. बॅग विमानात चढली; तो चढलाच नाही.

४/ टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. पुढे ‘कनिष्क’ विमान मॉन्ट्रियलहून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईकडे निघाले. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, सुमारे ३१,००० फुटांवर स्फोट झाला. ३२९ जणांपैकी एकही वाचला नाही.

५/ त्याच कटातील दुसरी बॅग तासाभराच्या आतच, किंचित आधी, जपानच्या नारिता विमानतळावर फुटली होती. सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले. तिचाही मालक विमानात नव्हता.

६/ बॅग आहे पण तिचा प्रवासी नाही, अशी स्थिती खपवून घेऊ नये, हा धडा जगाने यातून घेतला. तो सर्वत्र पाळला मात्र गेला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबी येथे अशाच बेवारस बॅगेने २७० बळी घेतले.

७/ नाव, माणूस आणि सामान यांची सांगड बोर्डिंग पास घालतो. आप्तांना निरोप देण्यासाठी तिकिटावरील तारीख बदलून आत शिरणाऱ्याचा हेतू निष्पाप असेलही. पण तो हीच सांगड तोडतो. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज करणे (कलम ३३६) आणि तो खरा म्हणून वापरणे (कलम ३४०) हे गुन्हे आहेत.

८/ दारावरच्या जवानाला हेतू दिसत नाही, कागद दिसतो. व्हँकुव्हरच्या काउंटरवरील तो ‘एम. सिंग’ कोण होता, हे आजही निश्चित झालेले नाही.