पहाटे ३.५० : लिनक्सचा इतिहास तुटला तेव्हा

सगळ्या वेळा आपल्या, धाराशिवच्या घड्याळाच्या. एप्रिल २००५ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये होते.

फेब्रुवारी २००२. जगभरातून ई-मेलने येणारे बदल लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवताना टॉरवाल्ड्स मेटाकुटीला आले होते. त्यांनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं बिटकीपर वापरायला घेतलं. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त प्रकल्पांना फुकट मिळे, पण त्याचा कोड बंद. पुढे अट आली : फुकट वापरणाऱ्याने बिटकीपरशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचं नाही. मला ही अट फार जाचक वाटते. कर्नल लिहिणाऱ्याने रिकाम्या वेळात काय लिहू नये, हेही कंपनीच ठरवणार! मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच विरोध केला. फारसं कुणी ऐकलं नाही, कारण काम झपाट्याने होत होतं.

५ एप्रिल २००५. कंपनीने फुकट आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. निमित्त ‘सांबा’ या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल. कर्नलचा इतिहास कर्नल लिहिणाऱ्यांचा, पण तो पुरता वाचायचा तर कंपनीचंच साधन हवं. ट्रिजेल यांना ते कुलूप काढायचं होतं, म्हणून ते तो वाचणारं स्वतःचं साधन लिहीत होते. बिटकीपरच्या सर्व्हरला जोडून नुसतं ‘हेल्प’ टाइप केलं की तो स्वतःच आज्ञांची यादी देतो, हे त्यांनी त्याच महिन्यात कॅनबेराच्या परिषदेत भर सभेत दाखवलं.

६ एप्रिल, रात्री ९.१२. टॉरवाल्ड्स यांचं पत्र : कर्नल बिटकीपर सोडतो आहे. पर्यायी साधन ते तीन दिवसांपासून स्वतःच लिहीत होते.

८ एप्रिल, पहाटे ३.४३. पत्रानंतर साडेतीस तासांनी त्या साधनाची, म्हणजे गिटची, पहिली नोंद. ११ फायली, १,२४४ ओळी. आज अवघं जग ज्यावर काम करतं, त्याचा जन्म असा नाइलाजातून झाला.

१७ एप्रिल, रविवार, पहाटे ३.५०. कर्नल गिटमध्ये आला : १७ हजारांवर फायली, ६७ लाख ओळी. मागचा इतिहास मात्र आणला नाही. तो ३.२ जीबी भरत होता आणि नव्या साधनाला सुरुवातीलाच तेवढं ओझं नको, असं टॉरवाल्ड्स यांनी त्या नोंदीतच लिहून ठेवलं. कुणी कोणती ओळ का बदलली, कुणी चूक पकडली, ही तीन वर्षांची साखळी तिथे तुटली. जुन्या नोंदी पुढे वेगळ्या भांडारात (रिपॉझिटरीत) उभ्या केल्या गेल्या, पण मुख्य भांडारात त्या नाहीत. उमरग्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज कर्नल उतरवून एखाद्या जुन्या ओळीचा माग काढला, तर तो १७ एप्रिलच्या ‘२.६.१२-आरसी२’ या नोंदीपाशी थांबतो. त्याआधी ती ओळ कुणी लिहिली, तिथे कळत नाही.

मे २०१६. बिटकीपरचा कोड खुला झाला, अकरा वर्षांनी.

जून २०१८. गिटची भांडारं ठेवणारं संकेतस्थळ गिटहब साडेसात अब्ज डॉलरला घेण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. गिट मुक्त आहे, गिटहब नाही. भांडाराची प्रत घेतली की कोड आणि त्याचा इतिहास आपल्या संगणकावर येतो. तक्रारी, चर्चा, ‘हा बदल का नाकारला’ याची कारणं गिटहबवरच राहतात.

जुलै २०१९. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खाजगी भांडारांवर गिटहबने बंधनं आणली. इराणसाठी ती जानेवारी २०२१ मध्ये उठली.