उमेदवार कायम कधी होतो?

बिरवाडीत पाळी सुटून आलेल्या पोराला पगार कुणी आधी विचारत नाही. ‘कायम झालास काय रे?’ हा पहिला प्रश्न. आयटीआयमधून ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ होऊन महाड एमआयडीसीत शिरलेला हा पोरगा कागदोपत्री असतो शिकाऊ उमेदवार, आणि हाती येतं ते विद्यावेतन.

उमेदवार हा शब्द फारसी. ‘उमीद’ म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत बिनपगारी नकला करत जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्यांना हेच नाव होतं. निवडणुकीतला उमेदवार नंतरचा, जातकुळी तीच. मराठीत नुसती ‘उमेद’ हुरूपाकडे सरकली, पण ‘उमेदवारी’त मूळची आशा शाबूत राहिली. म्हणून शिकाऊ उमेदवारांसाठीच्या 1961 च्या कायद्याची गंमत वाटते. हिंदीने त्याला ‘शिक्षु अधिनियम’ म्हटलं: शिकणारा, बस्स. मराठीने शिकाऊला उमेदवार जोडून नोकरीची आशा नावातच ठेवली, आणि कलम 22 ने ती काढून घेतली. शिक्षण संपल्यावर नोकरी देणं मालकाला बंधनकारक नाही, असं ते कलम सांगे. 2014 च्या दुरुस्तीनंतर मालकाने अशा भरतीचं आपलं धोरण ठरवायचं आहे. धोरण काय असावं, ते त्याचं त्याने बघावं!

मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्यांत याच पायरीवर ‘आर्टिकल्ड क्लार्क’ असतो. आर्टिकल म्हणजे कराराचं कलम, मूळ लॅटिनमध्ये लहानसा सांधा. मुदत भरली की सांधा सुटला. पेढी ठेवून घेईल की नाही, ही धाकधूक तिथेही आहेच.

आता ‘कायम’. अरबी ‘क़ाइम’ म्हणजे उभा असलेला. ‘मुक्काम’ही त्याच धातूचा, उभं राहण्याची जागा. ‘हंगामी’ फारसी ‘हंगाम’वरून, म्हणजे वेळ, मोसम. ‘कंत्राटी’ युरोपीय भाषेतून आलेला. कारखान्याच्या फाटकावर हे सगळे एकाच रांगेत उभे असतात; अरबी अर्थाने उभा मात्र एकटा कायमवाला.

त्याच कलम 22 चं दुसरं पोटकलम फारसं कुणी वाचत नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर उमेदवाराने त्याच मालकाकडे नोकरी करावी अशी अट करारात असेल, तर योग्य नोकरी देऊ करणं मालकालाही बंधनकारक ठरतं. तेव्हा पोरांनो, सही ठोकण्याआधी करारात ती ओळ आहे का, ते शोधा.